टेकडीवरची नावाडी गल्ली

३ मार्च

फजिती! रुग्णवाहिका घेऊन थेट नदीवर गेले. फोनवर सांगितलं होतं — नावाडी गल्ली, आजोबांना धाप लागलीय. नावाडी म्हटल्यावर नदीच ना? तिथे नुसते दगड आणि एक म्हैस. गल्ली निघाली टेकडीवर, पार दुसऱ्या टोकाला! आजोबा वाचले, पण त्यांचा मुलगा माझ्यावर उखडला. "अख्ख्या गावाला माहीत आहे!" मला येऊन आठवडा झालाय, बाबा. बदलीचा अर्ज आजच टाकला. आईजवळ जायचंय मला.

५ मार्च

घरमालकीणबाई — सगळे मावशी म्हणतात, मीही — पोट धरून हसल्या. मग सांगितलं. त्या लहान असताना पूर आला, नदीकाठचं खालचं गाव वाहून गेलं. माणसं टेकडीवर चढली ती गल्ल्यांची नावंही बरोबर घेऊन. शेजारीसुद्धा तेच, त्याच रांगेत. "भांडणंही तीच!" न्हाव्याचं आणि शिंप्याचं पुराआधीचं वैर आता नातवंडं चालवताहेत म्हणे. आणि हे स्वतःला शहर म्हणवतं! हट्टी आहेत झालं. पण आवडलं मला.

मावशींचं माहेर नावाडी गल्लीतलंच. सासर इथे, बाजारात.

११ मार्च

चहात मीठ. काल पण. मावशींना सांगितलं तर, "तुझी जीभ दाखव डॉक्टरला!"

२० मार्च

दुपारी मावशींचा फोन — "अगं, माहेरी आलेय, कुणी दारच उघडत नाही." आणि फोन बंद. त्यांच्या भाच्याला कळवलं. तो टेकडीवर धावला, सगळी गल्ली पालथी घातली. मावशी नाहीत.

मग माझ्या डोक्यात आलं. गाडी नदीकडे वळवली.

गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. साडी भिजलेली, चपला नाहीत. "आई झोपली असेल," म्हणाल्या. मी हात धरला, तर निमूट आल्या. गाडीत मला रडू आवरेना. त्याच माझी पाठ थोपटत होत्या.

२१ मार्च

मावशी नेहमीसारख्या. कालचं कुणी काढलं नाही, मीही नाही.

२४ मार्च

बदली मंजूर. मावशींना सांगितलं. "जा गं, आई वाट बघत असेल." भांडी लावता लावता थांबल्या. "पण मी कुठे सापडते ते भाच्याला नीट सांगून जा हं."