बंद केलेली सोय

छोटे,

टेबल रिकामं दिसेल, घाबरू नकोस. कॉम्प्युटर मीच दुरुस्तीला नेलाय.

पेनड्राइव्ह लावला की आपोआप उघडायची सोय तू व्हायरसच्या भीतीने बंद केली होतीस. परवा शेजारच्या मास्तरांचा पेनड्राइव्ह उघडेना, तेव्हा मी हसून म्हणालो, "आमच्या इंजिनीअरबाईंची करामत." आणि तू अडीअडचणीला दिलेला पासवर्ड टाकून ती सोय चालू केली. व्हायरस त्यातूनच आला. तुझे पुलाचे नकाशे उघडत नाहीत. सकाळी तू विचारलंस, तेव्हा लाइट गेली होती म्हणालो. ते खोटं होतं.

तुझंच बरोबर होतं, हे आत्ता मास्तरांना सांगून आलो.

नवा पासवर्ड मला देऊ नकोस. मी रागावून मागितला तरी.

बाबा