झटक्याची पेटी

३ नोव्हेंबर
झरीत बिऱ्हाड लागलं. शाळेमागच्या दोन खोल्या, पुढं अंगण. माझी बायको संघप्रिया हिनं कढीपत्त्याला जागा हेरून ठेवली. आरोग्य केंद्राच्या गच्चीवर आमचा ड्रोन. कुणाचं हृदय अचानक बंद पडलं की ॲम्ब्युलन्स पोचायच्या आत त्यानं विजेच्या झटक्याची पेटी न्यायची. पेटी मराठीत बोलते, घरच्यांनी ती सांगेल तसं करायचं. जोडीला सविता नावाची नर्स आहे. घरमालकीण सगुणाबाईंनी भाकरी-ठेचा पाठवला आणि विचारलं, ह्यो भुंगा माणसं बी उचलून नेतो का. आम्ही दोघं लय हसलो.

११ नोव्हेंबर
पहिला फोन! बन्सीधर नावाचे शेतकरी कापूस वेचताना कोसळले. ड्रोननं पेटी दोरीनं खाली सोडली. मी फोनवर धीर देत होतो, त्यांची सून राजेश्री हिनं छातीवर पेटीतल्या पट्ट्या चिकटवल्या. ठोके परत आले. गावानं पेढे भरवले.

१४ नोव्हेंबर
राजेश्री गेली. धुणं वाळत घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही. तरणीताठी बाई. फोन करायचंही कुणाला सुचलं नाही.

२३ नोव्हेंबर
परवा पेटीनं धुरपताबाईंना वाचवलं. आज त्यांचा धाकटा भाऊ नागेश वारला. एकाच घरात राहायचे.

दुपारी बन्सीधर केंद्रावर आले. पाणीही घेतलं नाही. म्हणाले, "साहेब, तुमी मला वढून आणलं. पण न्यायला आलेला रिकाम्या हातानं जाईल का? घरातलंच दुसरं कुणीतरी धरून नेतो. मी पडलो तवा बघितलंय त्येला. राजेश्रीकडं बघायलता."

योगायोग असतो, असं मी त्यांना समजावलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. संघप्रियाला यातलं काही सांगितलं नाही.

२ डिसेंबर
व्यंकटरावांच्या घरून फोन. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई रडत होत्या, लवकर पाठवा म्हणत होत्या. घरात त्या दोघांशिवाय कुणी नाही. माझा हात थांबला. पण न पाठवून कसं —
पाठवला. व्यंकटराव वाचले. पेढे कुणी वाटले नाहीत.

४ डिसेंबर
पार्वतीबाई.

८ डिसेंबर
फोन वाजत नाही. गल्लीतून जाताना लोक दारं ओढून घेतात. सविता रजेचं बोलते आहे. थांब म्हणालो —

९ डिसेंबर
सकाळी संघप्रिया ओट्यापाशी पडली. श्वास नाही. छाती दाबत सविताला फोन लावला. नक्की पाठवू का, असं तिनं विचारलं. तिलाही ठाऊक आहे. पाठव म्हणालो.
ठोके आले. डोळे उघडले.
घरात आम्ही दोघंच. म्हणजे आता मी. चालेल. खरंच चालेल.

१० डिसेंबर
परभणी. दवाखाना. मी अजून आहे. संघप्रिया चहा मागते आहे. डॉक्टरबाई सोनोग्राफी करून गेल्या, तेव्हापासून तिचं हसू थांबत नाही. माझा हात ओढून पोटावर ठेवला, म्हणाली, आता आपण दोघंच नाही —

तिला कसं सांगू. मला ने. ऐकतोस ना, मी इथं आहे, मला —

ती हसायची थांबली. पोटाकडं बघते आहे —