भोंग्यावरची प्रार्थना

२० मार्च २०११, रविवार
जीभ झडली कशी नाही माझी! साक्षीच्या वेळी उठले, माइक घेतला आणि बोलून गेले — "देवा, आमच्या रासमानेला सांभाळ. ओढ्यापलीकडे, आमच्या कोको वाळवायच्या झोपडीत तो बिचारा एकटा आहे." नाव घेऊन, ठिकाण सांगून प्रार्थना करायची ही आमच्या चर्चची रीतच. पण चर्चचा भोंगा साऱ्या गावाला ऐकू जातो! निवडणुकीच्या वादापासून रस्ता अडवून बसलेली नाक्यावरची पोरं बुर्किनाहून आलेल्या माणसांना मारायला शोधत फिरताहेत. त्यांची मशीद जाळली. रासमाने त्यांतलाच; त्याला त्या झोपडीत मीच लपवलं होतं.

"आमेन" व्हायच्या आत पोरं मागच्या बाकावरून उठून गेली. ती आत बसलीत हे मला काय ठाऊक!

२१ मार्च
झोपडी जळली. राख आहे, माणूस नाही. त्याची बायको मिनाता, मुलं — कुणाचाच पत्ता नाही.
पास्टर म्हणाले, "सेलेस्तीन, जीभ घसरली तुझी. देव मन बघतो."
त्याचीच तर भीती वाटते.

२४ मार्च
अन्न गोड लागत नाही. रासमानेची बाग आहे ते जंगल माझ्या वडिलांनी त्याच्या बापाला दिलं होतं. कागद नाही, सगळं तोंडी — "झाडं लाव, खा, आम्हाला विसरू नकोस." विसरले नाहीत. दर हंगामाला तांदळाचं पोतं, कोंबडा, आणि वर रासमानेची थट्टा — "ताई, तुमच्या कोकोच्या शेंगेपेक्षा माझा कोंबडा जाड!" खरंच होतं ते. माझ्या बागेला काळी बुरशी, त्याची झाडं लगडलेली.
आपण जागा दिलेल्या परक्याला पाठीशी घालायचं, हा आमचा धर्म. येशू गावात यायच्या आधीपासूनचा.
भाऊ आज म्हणाला, "चला, बाग परत आपली." मी त्याला घराबाहेर काढलं. फार ओरडले. जरा जास्तच.

३१ मार्च
काल उत्तरेची फौज आली, बुर्किनावाल्यांच्या बाजूची. नाक्यावरची पोरं पळाली, आता घरं आमची जळताहेत. आम्ही सगळे चर्चमध्ये. सैनिक दारात — आणि त्यांच्यापुढे रासमाने! जिवंत!
"या बाईला हात लावायचा नाही! हिनं भोंग्यावरून मला सावध केलं!"
मिनाता त्या रविवारी पास्टरांच्या चुलीमागे लपली होती. माझा आवाज ऐकला, मुलांना घेऊन आडवाटेनं धावली, पोरांच्या आधी पोचली. त्याच्या शब्दाखातर सैनिकांनी कुणालाच हात लावला नाही. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

३ एप्रिल
रासमानेनं माझ्या नावानं मेंढा कापला. पहिला तुकडा मला. "ताई, एवढी युक्ती कशी सुचली हो तुम्हाला?"
मी हसले. खाल्लंही.

४ एप्रिल
त्या रविवारी मागच्या बाकावर पोरं बसलेली मी पाहिली होती. पाहिली, आणि मगच माइक मागून घेतला.