साल्झबर्गचा तंटा आणि मुर्रीचा नारळ

मुक्काम साल्झबर्ग, देश ऑस्ट्रिया
२५ डिसेंबर, दुपारचे साडेतीन (आणि दिवस बुडून राहिला!)

चिचगडनिवासी आदरणीय कैलाशभाऊजींना मुर्रीच्या नंदलालचा, बधिर झालेले दोन्ही हात जोडून, रामराम. मंजूबाईच्या पायांना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? धानाची चुरणी आटोपली काय? इकडे माझी तब्येत ठीक आहे, म्हणजे शरीराची. मनाला जो धक्का बसला आहे त्याच्यावरची गोळी इथे मिळत नाही, आणि मिळत असली तरी आज दुकान उघडं नाही. एकही नाही, भाऊजी! आपल्याकडे सण म्हणजे बाजारात पाय ठेवायला जागा नसते. इथे ऐन सणाच्या दिवशी चहाची टपरीसुद्धा बंद. सकाळी दूध आणायला निघालो आणि नुसता बर्फ पाहून परत आलो.

फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुम्ही बोलता अंगणात. म्हणून कागदावर लिहून राहिलो. सोनिका याचा फोटो काढून फक्त तुमच्या नंबरवर पाठवणार आहे. वाचून झालं की पुसून टाका.

मी इथे कायले आलो ते तुम्हाला ठाऊकच आहे. पोरगी सोनिका तीन वर्षांपासून इथल्या दवाखान्यात नर्स. तिला समजावून हेमेंद्रसाठी हो म्हणवायचं, आणि संक्रांतीनंतर साक्षगंध. स्थळ तुम्हीच आणलं, आणि देवरीच्या भैयाजींना, म्हणजे हेमेंद्रच्या वडिलांना, मी तुमच्या ओसरीवर बसून शब्द दिला. शब्द देताना रविता तिथेच होती, पण काही बोलली नाही. बायको बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं मी समजलो. (अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतरही मी असं समजतो, यावरून माझी अक्कल ओळखा.) निघताना तिच्या बॅगेत एक नारळ, कुंकवाची डबी आणि नवा कोरा शेला दिसला. मी विचारलं, ऑस्ट्रियात नारळ कायले? म्हणे, राहू द्या, लागते.

इथल्या स्टेशनवर सोनिकासोबत एक ताडमाड उंच, भुऱ्या केसांचा पोरगा आला. दवाखान्याची अॅम्ब्युलन्स चालवतो. नाव मथियास. रविताला ते जमेना, तिने तिथल्या तिथे त्याचं मथुरा केलं. त्याने सरळ वाकून माझे पाय धरले आणि म्हणाला, नमस्ते मामाजी. मी म्हटलं, सोनिकाने काकाजी शिकवलं असेल, याच्या जिभेवर मामाजी आलं. परदेशी माणूस, काय समजते त्याला! कौतुकाने पाठ थोपटली. भाऊजी, त्याच वेळी मी तिथून मागे फिरायला पाहिजे होतं.

चौथ्या दिवशी बाजारात गेलो. नाताळचा बाजार म्हणजे हुबेहूब आपली दिवाळीनंतरची मंडई, जत्राच. लाकडी दुकानं, लायटिंग, खाणं, सगळा गाव बाहेर. मी खूश झालो, म्हटलं आता दंडारीचा नाच दिसला की मुर्रीत आल्यासारखं वाटेल. पण थंडी अशी की मिशी वाजायला लागली. तेवढ्यात एका दुकानातून लवंग-दालचिनीचा वास आला. सत्तर-ऐंशीच्या म्हाताऱ्या बायका कप धरून गरम गरम काढा पिऊन राहिल्या होत्या. मीही घेतला. गुणकारी वाटला, म्हणून आणखी दोन घेतले. (ती दारू होती. लाल दारू, मसाला घालून उकळलेली! भर चौकात, देवळासमोर, आज्या पितात. आपल्याकडे मोहाची प्यायची तर माणूस निदान झाडामागे जातो.)

तिसरा कप संपला आणि घंटांचा आवाज आला. पाहतो तर शिंगंवाले, केसाळ, जिभा बाहेर काढलेले दहा-बारा राक्षस धावत येऊन राहिले, हातात काटक्यांच्या झाडण्या! त्यातला एक सरळ आमच्याकडे आला आणि त्याने रविताच्या पायावर झाडणी मारली. अरे बाप्पा! माझ्या बायकोवर, माझ्या डोळ्यांदेखत! मी छत्री उचलली आणि दिली ठेवून. तो राक्षस आतून मामाजी, मामाजी ओरडून राहिला, तरी मी आणखी एक दिली. शिंग मोडलं, मुखवटा गळाला आणि आतून निघाला मथुरा, नाकातून रक्त गळत. वर्षभर वाईट वागलेल्यांना सणाआधी गमतीने भीती दाखवायची, अशी त्यांची रीत आहे म्हणे. दाखवा ना बाप्पा, पण सांगून दाखवा!

नाकाला दोन टाके पडले, आणि टाके पडताना त्याचं डोकं धरायला ड्युटीवर कोण, तर सोनिका. पोरीने माझ्याशी बोलणं टाकलं. तुम्हीच विचार करा, मी गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष! सहा वर्षांत बांधावरची भांडणं मिटवली, कोंबडीवरून फुटलेली डोकी मिटवली, आणि विदेशात जाऊन स्वतःच तंटा केला, तोही काढा पिऊन. मला अन्न गोड लागेना. शेवटी ठरवलं, गावात लावतो तोच नियम स्वतःला लावायचा. ज्याने मारलं त्याने मार खाल्लेल्याच्या घरी जायचं, चारचौघांत टिळा लावायचा, शेला पांघरायचा, नारळ द्यायचा आणि माफी मागायची. रविताने बॅगेतून सामान काढून दिलं. एवढ्या लगबगीने तिने मला लग्नानंतर कधी काही दिलं नाही.

काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. बाप शेतकरी. पहिला प्रश्न मी शेतीचाच विचारला. चाळीस हेक्टर म्हणे, म्हणजे शंभर एकर, भाऊजी! खाली गोठा, वर घर, आणि गायी आपल्या म्हशींपेक्षा मोठ्या. पण घरात पाहतो तर जिवंत झाड तोडून बैठकीत उभं केलेलं, त्याला खऱ्या मेणबत्त्या पेटवलेल्या, आणि शेजारी पाण्याची बादली! तुमच्या चिचगडात असं झाड कोणी घरात नेलं तर फॉरेस्टवाले झाडासकट माणसालाही नेतील. मी बादलीजवळची जागा धरून बसलो.

मग उभा राहिलो. पोराला टिळा लावला, शेला पांघरला, नारळ ओंजळीत दिला आणि तंटामुक्तीत करतो तेच भाषण केलं. दहा मिनिटं. माझी चूक, थंडी, काढा, सगळं कबूल केलं आणि रोजच्या सवयीने शेवट केला, "आजपासून आपले संबंध जुळले." सोनिकाने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. एका ओळीत! मथुराची आई रडायला लागली, बापाने मला छातीशी धरलं. मथुरा नारळ घेऊन माझ्या पाया पडला, मामाजी म्हणाला, आणि सोनिका त्याच्या शेजारी येऊन तिनेही पाय धरले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की आपल्याकडे मामाजी सासऱ्याला म्हणतात, आणि टिळा-शेला-नारळ पोराला साक्षगंधात देतात. भाऊजी, मी बादलीवरच बसलो.

घरी येऊन खूप ओरडलो. फसवलं म्हणालो. रविताने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सहा वर्षांत दुसऱ्याच्या लेकरांची अकरा प्रेमाची लग्नं लावली, बाप आडवे आले तर त्यांना भाषण दिलं. आता आपल्या पोरीच्या टायमाले काऊन तोंड वाकडं करून राहिले?" सोनिका दाराशी उभी होती. डोळे लाल, पण मान ताठ.

बाकी क्षेम. मंजूबाईला जपा, गुडघ्याला तेल लावा.

आपला,
नंदलाल

ता. क. देवरीला तेवढं जाऊन या. भैयाजींना सांगा की नंदलालने शब्द मोडला, शिव्या नंदलाललाच द्या, पोरीला नको. मी आलो की स्वतः जाऊन त्यांचे पाय धरीन. हेमेंद्र गुणी आहे, त्याच्यासाठी चांगली पोरगी मीच शोधून देईन. नारळ मात्र तुम्ही न्या. माझ्या हातातल्या नारळाचा आता भरवसा नाही.

ता. क. २ हे लिहीत असतानाच रविताने सांगितलं की शेला मंजूबाईने गोंदियाच्या बाजारातून दिवाळीतच घेऊन दिला होता, आणि पिशवी तुम्ही धरली होती. भाऊजी? तुम्हीही?

ता. क. ३ मथुरा दाराशी उभा आहे, नाकावर पट्टी, शेला अजून अंगावरच. गायींना चारा टाकायला चला म्हणून बोलवून राहिला. मी 'आलो, जवाईबापू' म्हणून गेलो. तोंडातून निघून गेलं.