हुकमावरून

सोमवार, २१ फेब्रुवारी १९८३

चावडीची पाटी उमटली! 'जि. लातूर' लिहून बावीस दिवस झाले, आणि आज उन्हात त्यामागून 'उस्मानाबाद' वर आलं — तळ्यातून बुडालेलं माणूस वर यावं तसं. कोतवाल ग्यानोबा म्हणाला, "पेंटर, आपुन आता कोन्या जिल्ह्यात हाव?" चावडी हसली.

जुनं खरवडायला पाहिजे होतं. मी नुसता पांढरा हात मारला. जिल्हा नवा झाल्यापासून सदतीस पाट्या झाल्या, शिरोरेघ एक सूत हलली नाही. चौथी शिकलेल्याचं काम म्हणून कोणी सांगणार नाही. आणि ही चूक!

रविवार, २७ फेब्रुवारी

टँकर तिसऱ्या दिवशीही नाही.

उपासनेत वाचन माझंच. आमच्या चर्चात शास्त्र माझ्याइतकं स्वच्छ कोणी वाचत नाही. आजचा भाग — वेदीपाशी दान आणलंस आणि कुणाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर आधी त्याच्याकडे जा. जीभ अडली. तिसऱ्या रांगेत सरजा बसली होती. नदीहून तशीच आलेली, लुगड्याचा काठ ओला.

मंगळवार, १ मार्च

लिहूनच टाकतो.

बहात्तरचा दुष्काळ. आमच्या घरामागची विहीर सगळ्या गावाची. पाणी पुरुषभर उरलेलं. मी पत्र्यावर निळ्या रंगात लिहिलं — 'पाणी पिण्यास अपायकारक. हुकमावरून.' हुकूम कुणाचाच नव्हता. माझा! अक्षरं इतकी देखणी की कुणी विचारलंच नाही. आम्ही उजाडायच्या आत भरून घ्यायचो.

सरजाला तेव्हा सहावा महिना. मांजरा नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जायची, दोन कोस. घागरीसकट उतारावर पडली. मूल गेलं. मुलगी होती. पुन्हा झालं नाही.

तेव्हाच मी गुडघ्यांवर बसून देवाला सगळं सांगितलं. रडलो. हलकं वाटलं. त्यानंतर दहा वर्षं, दर महिन्याला प्रभुभोजन घेतलं. तिच्या शेजारी गुडघे टेकून. ती मला दादा म्हणते.

पाटी मात्र काढली नाही. पुढे हातपंप आला, विहीर कुणाला लागली नाही. यंदा पंप कोरडा. बायका येतात, पाटी बघतात, नदीकडे वळतात.

शनिवार, ५ मार्च

दुपारी लिंबाखाली डोळा लागला. विहिरीत निळी अक्षरं पोहत होती, माशांसारखी. एकेक वर यायचं, तोंड उघडायचं, आवाज नाही. काठावर एक लहान मुलगी बसून त्यांना दाणे टाकत होती. मला म्हणाली, "वाचून दावा की." मला एक अक्षर वाचता येईना.

बायकोनं, कस्तुराबाईनं हलवलं. "आवं, झोपीत काय हुकूम हुकूम म्हनून राहिलाव?"

तिला सगळं माहीत आहे. तिनंही तेच पाणी भरलंय. उगाच पदराला हात पुसत उभी राहिली.

रविवार, ६ मार्च

प्रभुभोजनाला उठलो नाही. शेवटी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, देवाकडे मागितलेल्या माफीसकट. छापील बोलणारा मी — वाक्यं तुटत होती.  सरजा उठून निघून गेली.

मागोमाग तिच्या दारात गेलो.

"देवानं माफ केलं म्हन्लास ना, तवाच?"

"हो."

"मग मला कशाला सांगून राहिलास? का माझी बारी दहा वर्सांनी आली?"

"माफ कर, सरजा."

"न्हाई." दार लावलं. आतून म्हणाली, "जाय आता, पेंटर."

पेंटर!

विहिरीवरची पाटी काढली. चार खिळे, चारही गंजलेले. मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला.

शुक्रवार, ११ मार्च

विहिरीवर रांग. कमलम्मा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता फुडची पाटी थोबाडावर लाव की रं!" बायका हसल्या. बरोबर आहे.

सरजा येत नाही. अजून नदीलाच जाते. तिच्या दारात भरली घागर ठेवली. तिनं शेजारच्या देवणी गाईला पाजली, थेंब सांडू दिला नाही. माझी घागर पालथी घालून ठेवली.

शनिवार, १९ मार्च

आज मी नदीला गेलो. दोन कोस नाही, अडीच आहे. पावलं मोजली. दहा वर्षं दोन म्हणत होतो.

झिऱ्यात वाटीनं वाटीनं घागर भरली. उतार बावीस पावलांचा. वरून तिसऱ्या पावलाला दगड निसटतो. तिथं बसलो. ऊन पाण्यासारखं हलत होतं. 

घागर सरजाच्या दारात ठेवली. तेही पाणी गाय प्यायली. घागर पालथी.

बुधवार, २३ मार्च

पालथी.

मंगळवार, २९ मार्च

पालथी. गाय आता मला ओळखते, लांबून हंबरते.

रविवार, ३ एप्रिल

ईस्टर. पाळकसाहेब म्हणाले, "या, भाकर घ्या. आता काय अडलंय?"

"पाणी न्यायचंय," म्हणालो आणि निघालो.

गुरुवार, ७ एप्रिल

सरजाच्या दारात आज तिची घागर होती. विसळलेली, रिकामी. चुंबळीवर, उताणी.