शेवटच्या कुस्तीला कुठली लेन्स?

प्रिय अण्णा,

तुला जाऊन नऊ महिने झाले आणि मी आजवर एक ओळ लिहिली नाही. आजही गहिवर आला म्हणून लिहितेय असं समजू नकोस. स्टुडिओच्या टेबलावर दोन लेन्स आहेत, कोल्हापूरच्या दुकानदारानं आठवडाभर वापरून बघायला दिलेल्या. परवा त्यातली एक परत करायचीय. अशा वेळी आपण दोघं तासभर भांडायचो आणि शेवटी तुझंच खरं व्हायचं. आता आपल्या अख्ख्या गल्लीत भांडायला कुणी नाही. वहिनीला विचारलं तर म्हणते, "तुला आवडंल ती घे की गं." असं ठरवतात का लेन्स?

पहिली तुझी लाडकी, सत्तर-दोनशे. तुझी जुनी बुरशी धरून वाया गेली, तशीच ही नवी. उजेड कमी असला तरी भागवते, फोकस झटकन पकडते. पण तिची नजर तोकडी, पैलवानाच्या अगदी जवळ जावं लागतं. दुसरी दीडशे-सहाशे. पलीकडच्या बांधावरचा माणूस ती अलीकडे आणून बसवते, पण तिला भरपूर ऊन लागतं. दिवस कलला की फोटो काळा तरी येतो, नाहीतर हललेला.

आणि आपलं काम काय, तर कुस्तीची मैदानं! दुपारी बारक्या जोड्या लागतात तेव्हा ऊन रग्गड असतं, पण ते फोटो फारसं कुणी मागत नाही. पहिल्या नंबरची कुस्ती सगळ्यात शेवटी, दिवस बुडताना. ज्या एका फोटोची सगळं गाव वाट बघतं, तो नेमका उजेड गेल्यावर काढायचा. तू आखाड्याच्या कडेला गुडघे टेकून बसायचास, तुला सत्तर-दोनशे पुरून उरायची. मी कुठं असायचे, आठवतं?

मी बायकांत असायचे, साठ-सत्तर पावलं लांब, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. आपल्या पहिल्याच मैदानाला तू सांगितलंस, "पंच लोक बाईमाणसाला कडंला बसू देत न्हाईत, वैशे. तू ट्रॉलीवर चढ." मी चढले. त्यानंतर अकरा वर्षं चढत राहिले. लांबची लेन्स लावावी तर उजेड पुरायचा नाही, उजेडाची लावावी तर पैलवान मुंगीएवढे दिसायचे. या पेचावर आपण कितीदा बोललो! कॅमेऱ्याची किती बटणं फिरवली, कितीदा ट्रॉली इकडून तिकडं ओढायला लावली. माझी जागा बदलावी, हे मात्र एकदाही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एकदा मी काढलेला शेवटच्या कुस्तीचा फोटो तू गिऱ्हाइकांसमोर उघडलास. "ह्यो पैलवान हाय का धुरळा गं?" सगळे हसले, मीही हसले. नको होतं हसायला. तुला तेव्हाच सुनवायला हवं होतं की तुझ्या जागेवरून मीही काढला असता.

मग तू आजारी पडलास त्या हंगामात मला एकटीला पाठवलंस. निघताना भाड्यानं आणलेली लांबची लेन्स तूच माझ्या पिशवीत ठेवलीस. "ही लाव. तुला हीच बरी." जन्मभर सत्तर-दोनशेचे गोडवे गाणारा माणूस त्या दिवशी असं बोलला, आणि मला वाटलं, आजारपणानं जरा मऊ झालाय. आता कळतं, अण्णा. मी कुठं उभी असते हे तुला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या रविवारचं सांगते. निपाणीच्या अलीकडं एका गावात मैदान होतं. दोन्ही लेन्स घेऊन बसनं गेले आणि सवयीनं ट्रॉलीवर चढले. हल्ली पोरींच्याही कुस्त्या लागतात, त्याच तांबड्या मातीत. पुकारणारा त्यांची नावं आधी मराठीत घेतो, मग कन्नडमध्ये, आणि टाळ्या दोन्हींना पडतात. दीडशे-सहाशेनं मी एका पोरीला समोरचीचे पाय ओढून पट काढताना टिपलं. काय फोटो आलाय! भुवईवरची माती मोजून घ्यावी इतका स्वच्छ. तिथंच ठरवून टाकलं की हीच लेन्स घ्यायची.

मग दिवस बुडाला. शेवटच्या जोडीसाठी हलगी कडाडली आणि माझ्या स्क्रीनवर नुसता काळोख. लेन्स बदलली, सत्तर-दोनशे लावली. उजेड आला, पैलवान गेले! पुन्हा त्याच दोन मुंग्या. तेव्हा मी ट्रॉलीवरून उतरले आणि चालत सुटले. धाडस वगैरे काही नव्हतं, वैताग होता.

आखाड्याच्या कडेला आप्पा वस्ताद होते. पंचांतले सगळ्यात म्हातारे, तुझा चहा घेतल्याशिवाय मैदान सुरू न करणारे. मी चार पावलांवर थांबले.

"कोण गं?"

"अण्णाची बहीण. वैशाली."

"मग लांब का उभारलीस? बस की हितं."

"तुम्ही बाईमाणसाला इथं बसू देत नाही ना?"

"कोण म्हटलं?"

"अण्णाच सांगायचा."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "अण्णानं तर आमास्नी कवा इचारलंच न्हाय गं. आता पोरी मातीत लढाय लागल्यात, आन् तुला मी कडंला बसू नको म्हणतोय व्हय?"

सलामी झाली होती. मी बसले.

तेव्हापासून तीन दिवस 'इचारलंच न्हाय' हे एकच वाक्य घेऊन फिरतेय. आप्पा आता सोयीचं बोलत असतील, हे मला कळतं. अकरा वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर कदाचित नाहीच म्हणाले असते. पण तू विचारलं नाहीस! का रे? ते नाही म्हणाले असते तर तुला त्यांच्याशी वाईटपणा घ्यावा लागला असता, म्हणून? की ते हो म्हणाले असते आणि कडेला दोघं बसलो असतो, म्हणून? मला खरंच माहीत नाही. तू असतास तरी सरळ उत्तर दिलं नसतंस, विषय लेन्सवर नेला असतास.

मला राग आलाय, ते लपवत नाही. थोडा माझ्यावरही आहे. आप्पा काही वाघ नव्हते, मलाही तोंड होतं. तू सांगितलंस आणि मी मानलं, एवढ्यावर अकरा हंगाम गेले. आणि तरीही त्या कडेला गुडघे टेकले तेव्हा पहिल्यांदा तुझीच आठवण आली. हेही तितकंच खरं आहे.

फोटो कसा आला, विचारशील. बिघडला. माझ्यापासून तीन हातांवर कुस्ती चितपट झाली, मातीचा सपकारा तोंडावर आला आणि मी दचकून मागं झाले. फ्रेममध्ये एक कोपर आहे आणि अर्धी पाठ. जिंकलेल्याचं तोंड कापलं गेलंय. लांबून बघण्यात मी तरबेज आहे. पण जवळ बसल्यावर खांदा कुठं वळणार हे आधीच कसं ओळखायचं, कधी सरकायचं, कधी हलायचं नाही, यातलं मला काही येत नाही. ते तुला येत होतं, आणि तू ते घेऊन गेलास.

तर ठरलं. सत्तर-दोनशे ठेवतेय, दीडशे-सहाशे परवा कोल्हापूरला जाईल. फार खूश होऊ नकोस, तुझं म्हणणं पटलं म्हणून नाही. लांबची लेन्स पिशवीत राहिली तर पुढच्या मैदानाला मी पुन्हा ट्रॉलीवर चढेन. स्वतःला मी तेवढी ओळखते.

या हंगामात फोटो बिघडतीलच. लोक नावं ठेवतील, "अण्णा असता तर" म्हणतील. म्हणू देत. तुला एकच शब्द देते. कुठल्याही गावात गेले की पिशवी उघडायच्या आधी पंचांकडं जाऊन मीच विचारीन. नाही म्हणाले तर ते त्यांच्या तोंडून ऐकीन. माझ्या वतीनं 'नाही' ऐकून यायचं काम यापुढं कुणाकडं देणार नाही, अण्णा. तू असतास तरी तुझ्याकडंही दिलं नसतं.

तुझी धाकटी,
वैशाली