पाणी कुठे होतं?

शनिवार, ८ नोव्हेंबर. न्युरेम्बर्ग

इराला शाळेसाठी महायुद्धातला जर्मन वार्तापट बघायचा होता. आफ्रिकेचं वाळवंट, आणि इंग्रजांच्या फौजेतल्या, पकडलेल्या भारतीय सैनिकांची रांग. बाबा, म्हणजे माझे सासरे, पुढे सरकून बसले. त्यांचे वडील तिथेच पकडले गेले होते. एक जण बूट गळ्यात अडकवून अनवाणी चालला होता. बाबांनी तिथेच परत परत थांबवायला लावलं. वडील नव्हते ते.

"इरा, तो काय बोलतोय गं?"

तो मेला निवेदक त्यांच्या चालण्याची टिंगल करत होता. मी विषय बदलणार होते. तेवढ्यात, एरवी जर्मनमध्येच उत्तर देणारी इरा मराठीत म्हणाली, "आजोबा, तो म्हणतो, त्यांना पाणी दिलं."

"बरं केलं," बाबा म्हणाले.

पडद्यावर पाणी कुठेच नव्हतं. ते बूट इतक्यांदा बघणाऱ्या बाबांना हे दिसलं नसेल?